ड्रोनची बॅटरी : तिची निगा व अखेरची व्यवस्था

आकाशात घिरट्या घालणारे ड्रोन ही आता आपल्या सीमाभागात नवलाची वस्तू राहिलेली नाही. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीचे आणि लग्नसमारंभाचे चित्रण ड्रोनमधून होते. पुरुषभर उंचीच्या उसात शिरून औषध मारणे माणसाला अवघड जाते. तेथेही फवारणीसाठी ड्रोन येऊ लागले आहे. केंद्र शासनाची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. तिच्याखाली गावठाणातील घरांची मोजणीही ड्रोनच्याच साहाय्याने केली जाते. विज्ञानप्रदर्शनासाठी स्वतः ड्रोन जुळविणारे विद्यार्थीही आज आढळतात. ही सर्व आनंदाची गोष्ट आहे. तथापि प्रस्तुत लेखात आम्हांला ड्रोनच्या उड्डाणाविषयी लिहावयाचे नाही. त्याच्या पोटातील बॅटरीविषयी लिहावयाचे आहे. उड्डाण पाहण्यास सारा गाव जमतो. पण बॅटरी कोठे ठेवली, कशी भारली आणि निकामी झाल्यावर तिचे काय केले, हे पाहण्यास कोणी थांबत नाही. धोका मात्र तेथेच असतो.

या लेखाचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर असे, की संपलेली बॅटरी रिकामी नसते. हे वाक्य खरे का, आणि त्यातून आपल्यावर कोणती जबाबदारी येते, हे आता क्रमाने पाहू.

हलकेपणाचे मोल

वीज साठवून ठेवण्याची मानवाची खटपट जुनी आहे. इटलीतील व्होल्टा याने १८०० साली पहिली विद्युतराशी रचली. फ्रान्समधील प्लान्ते याने १८५९ साली शिसे व गंधकाम्ल यांच्या योगाने पुन्हा पुन्हा भारता येणारी बॅटरी तयार केली. तिचेच वंशज आजही मोटारीत आणि घरातील इन्व्हर्टरला जोडलेले आपण पाहतो. ही बॅटरी भरवशाची खरी, पण अंगाने जड. एक किलोग्रॅम वजनात ती साधारणपणे ३० ते ४० वॅट-तास इतकीच ऊर्जा साठवू शकते. जमिनीवरून धावणाऱ्या वाहनाला हे वजन सोसते. परंतु जे यंत्र स्वतःच्याच बळावर स्वतःला अधांतरी तोलून धरते, त्याला ते सोसत नाही.

ही अडचण लिथियमने दूर केली. स्वीडनमधील आर्फवेडसन याने १८१७ साली एका खनिजात या मूलद्रव्याचा शोध लावला. ते दगडातून मिळाले म्हणून दगड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. सर्व धातूंत हा धातू हलका असून त्याची घनता पाण्याच्या जवळजवळ निम्मी आहे. १९७० नंतरच्या दशकात व्हिटिंगहॅम यांनी लिथियमची पुन्हा भारता येणारी बॅटरी करून दाखविली. १९८० साली गुडइनफ यांनी तिच्या धन पट्टीसाठी कोबाल्ट ऑक्साइडचा उपयोग दाखवून दिला. १९८५ साली जपानच्या योशिनो यांनी ऋण पट्टीत लिथियम धातूऐवजी कार्बनी पदार्थ वापरून ही बॅटरी पुष्कळ अंशी सुरक्षित केली, आणि १९९१ साली ती बाजारात आली. या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या लिथियम-आयन बॅटऱ्या एका किलोग्रॅममध्ये १५० ते २५० वॅट-तास ऊर्जा सामावून घेतात. ड्रोन उडते ते या हलकेपणाच्या जोरावर. परंतु थोड्या जागेत पुष्कळ ऊर्जा कोंडली म्हणजे तिला जपावेही तितकेच लागते.

बॅटरीच्या अंतरंगात

ड्रोनमध्ये बहुधा ‘लिथियम पॉलिमर’ या नावाची, बोलण्यात ‘लायपो’ म्हणतात ती, बॅटरी असते. तिच्या प्रत्येक घटात तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्राफाइटचा लेप दिलेला असतो. ही ऋण पट्टी. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर कोबाल्ट किंवा निकेल यांच्या ऑक्साइडचा लेप असतो. ही धन पट्टी. या दोहोंच्या मध्ये सच्छिद्र प्लास्टिकचा पडदा असतो. पट्ट्या आणि पडदा एका विद्युत अपघटनी द्रवात भिजलेले असतात. हा द्रव म्हणजे लिथियमचा क्षार मिसळलेले सेंद्रिय द्रावक होय. येथे पाणी चालत नाही, कारण इतक्या विद्युतदाबाखाली पाण्याचे विघटन होऊ लागते. सेंद्रिय द्रावक हा दाब सोसतो, पण तो ज्वालाग्राही असतो.

बॅटरी भारताना लिथियमचे आयन धन पट्टीतून निघून पडद्याच्या छिद्रांतून ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात. बॅटरी वापरताना ते परत फिरतात. हे येणे-जाणे शेकडो वेळा सुखाने चालते. दोन पट्ट्यांना एकमेकींपासून दूर ठेवणारा जो पडदा, त्याची जाडी मात्र मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतकीच असते. साऱ्या घराची सुरक्षितता या एवढ्याशा पडद्यावर अवलंबून असते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. वजन वाचावे म्हणून लायपो बॅटरीला लोखंडी कवच दिलेले नसते; ती एका मऊ, चकचकीत पिशवीत बंद केलेली असते. ड्रोन आपटले, पिशवीत खिळा घुसला किंवा तिच्यावर जड वस्तू पडली, तर आघात थेट पट्ट्यांपर्यंत पोहोचतो.

आकड्यांचा अर्थ

बॅटरीवर छापलेले आकडे वाचता आले पाहिजेत. समजा, एका बॅटरीवर ‘४ एस, ५००० मिलिअँपिअर-तास, २० सी’ असे लिहिले आहे. ‘४ एस’ म्हणजे चार घट एकसरीत जोडलेले. एका घटाचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट, म्हणून चार घटांचा १४.८ व्होल्ट. पूर्ण भारलेल्या घटाचा दाब ४.२ व्होल्ट असतो. त्याच्या वर तो जाऊ देऊ नये आणि वापरताना ३ व्होल्टच्या खाली येऊ देऊ नये. ५००० मिलिअँपिअर-तास म्हणजे ५ अँपिअर-तास. ‘२० सी’ याचा अर्थ असा, की ही बॅटरी तिच्या धारणेच्या वीसपट, म्हणजे १०० अँपिअर इतकी धारा देऊ शकते. घरात पाणी तापविण्याच्या यंत्राला जो जाड प्लग असतो, त्यातूनही १६ अँपिअरहून अधिक धारा घ्यावयाची नसते. मग खिशातील किल्ली किंवा नाणे या बॅटरीच्या दोन टोकांना एकदम टेकले तर काय होईल, याची कल्पना विद्यार्थ्यांनीच करावी.

आता ऊर्जेचा हिशेब करू. १४.८ व्होल्टला ५ अँपिअर-तासांनी गुणिले असता ७४ वॅट-तास येतात. एक वॅट-तास म्हणजे ३६०० ज्यूल. तेव्हा या बॅटरीत २,६६,४०० ज्यूल ऊर्जा असते. एवढ्या ऊर्जेने एक लिटर पाण्याचे तापमान सुमारे ६४ अंशांनी वाढेल. म्हणजे २० अंशांवरचे पाणी ८४ अंशांपर्यंत जाईल. ही ऊर्जा दहा-वीस मिनिटांच्या उड्डाणात हळूहळू खर्ची पडली तर ती उपयुक्त. तीच क्षणात मोकळी झाली तर ती आग. त्यात द्रावक जळून निर्माण होणारी उष्णता वेगळीच. फवारणीच्या ड्रोनमधील बॅटरी याहून कितीतरी मोठी असते. सहा घटांची, १६,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी घेतली तर तिच्यात सुमारे ३५५ वॅट-तास ऊर्जा भरते.

जुनी बॅटरी ‘संपली’ असे आपण कशावरून म्हणतो, तेही पाहू. वापरून वापरून बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. ड्रोनला उचलण्यासाठी लागणारी मोठी धारा ती एकदम देऊ शकत नाही. दाब कोसळतो, ड्रोन खाली येते, आणि ‘बॅटरी गेली’ असा आपण निकाल देतो. पण ती भारलेली असेल तर तिच्या पोटात ऊर्जेचा बराच साठा शिल्लक असतोच. ड्रोनच्या दृष्टीने ती निकामी झाली. आगीच्या दृष्टीने नव्हे.

आग लागते कशी

ग्राफाइटच्या पृष्ठभागावर, दुधावर साय यावी तसा, एक सूक्ष्म संरक्षक थर पहिल्या काही भारणांतच तयार होतो. काही कारणाने घटाचे तापमान १०० अंशांच्या आसपास गेले की हा थर मोडू लागतो आणि त्या मोडण्यातून आणखी उष्णता निर्माण होते. सुमारे १३० अंशांवर पॉलिथिलीनचा पडदा वितळतो. पट्ट्या एकमेकींना भिडतात आणि आतल्या आत शॉर्ट सर्किट होते. तापमान आणखी चढले की धन पट्टीतील ऑक्साइडमधून प्राणवायू सुटू लागतो. इंधन, उष्णता आणि प्राणवायू ही आगीची तिन्ही साधने एकाच पिशवीत जमतात. एक घट पेटला की त्याची आच शेजारच्या घटाला लागते. उष्णतेने उष्णता वाढविण्याचा हा क्रम एकदा सुरू झाला म्हणजे तो थांबविणे अतिशय कठीण असते. या वेळी निघणारा धूरही साधा नसतो. त्यात हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि डोळे व फुप्फुसे जाळणारे हायड्रोजन फ्लुओराइड असते.

या क्रमाला आरंभ होण्याची कारणे थोडीच आहेत : मर्यादेबाहेर भारणे, अतिशय उतरलेली बॅटरी पुन्हा भारणे, आघात, बाहेरची उष्णता, आणि दोन टोकांचा एकमेकांशी संपर्क. अतिशय उतरलेल्या घटात ऋण पट्टीचे तांबे द्रवात विरघळते आणि पुढे भारताना ते भलत्याच ठिकाणी जमून पडद्याला भेदू शकते. कडाक्याच्या थंडीत, शून्य अंशाखाली भारल्यास लिथियम ग्राफाइटमध्ये न शिरता त्याच्या पृष्ठभागावर धातुरूपाने साचते आणि तोच धोका उद्भवतो.

या आगीचे मोल विमानवाहतुकीने चुकविलेले आहे. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या एका मालवाहू विमानात आग लागून ते कोसळले व दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. लिथियम बॅटऱ्या असलेल्या मालातूनच ती आग सुरू झाली असावी, असा निष्कर्ष चौकशीअंती निघाला. म्हणूनच आज विमानप्रवासात सुट्या लिथियम बॅटऱ्या मोठ्या सामानात टाकण्यास मनाई आहे. त्या प्रवाशाने स्वतःजवळ ठेवावयाच्या असतात. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीस सामान्यतः परवानगी असते, १६० पर्यंत विमान कंपनीची संमती लागते, आणि त्यापुढे प्रवाशाला ती नेता येत नाही. आपली ७४ वॅट-तासांची बॅटरी या नियमात बसते. फवारणीच्या ड्रोनची बसत नाही.

रोजची निगा

निगेचे नियम कठीण नाहीत. ते नित्य पाळणे एवढेच कठीण. ड्रोनबरोबर आलेला किंवा त्याच जातीच्या बॅटरीसाठी बनविलेला चार्जर वापरावा. एकसरीतील प्रत्येक घटाचा दाब वेगळा तपासून सर्व घट समान राखणारा चार्जर असावा. ५ अँपिअर-तासांची बॅटरी ५ अँपिअरहून अधिक धारेने भारू नये, मग एक तास जास्त लागला तरी चालेल. बॅटरी फरशीवर किंवा विटांवर ठेवून भारावी. गादी, चटई, वह्या-पुस्तके यांवर कधीही नव्हे. घराबाहेर पडण्याच्या वाटेवर, जिन्याखाली वा दारापाशी ती भारण्यास ठेवू नये, कारण आग लागल्यास हीच आपली सुटकेची वाट असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भारणीला लावून झोपू नये व बाहेरही जाऊ नये.

उड्डाणानंतर बॅटरी तापलेली असते. ती निवल्यावाचून पुन्हा भारू नये. शेतावर हा नियम मोडण्याचा मोह फार होतो. फवारणीच्या ड्रोनला दहा-पंधरा मिनिटांत नवी बॅटरी लागते. बांधावर जनित्र चालू असते, पुढच्या शेतकऱ्याची घाई असते, आणि गरम बॅटरी तशीच चार्जरला लावली जाते. तेथे सावलीची सोय करणे आणि बॅटऱ्यांचे संच वाढविणे हेच शहाणपणाचे. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत बॅटरी ठेवू नये.

काही दिवस उड्डाण करावयाचे नसेल तर बॅटरी पूर्ण भारून ठेवू नये व पूर्ण उतरवूनही ठेवू नये. प्रत्येक घटाचा दाब सुमारे ३.८ व्होल्ट असावा. टोकांवर टोपण घालून ती थंड व कोरड्या जागी, अग्निरोधक पिशवीत ठेवावी. पेटी वापरावयाची तर ती हवाबंद नसावी. आत वायू कोंडला तर पेटीचाच स्फोट होईल. प्रत्येक बॅटरीवर तिच्या खरेदीची तारीख लिहून ठेवण्याची सवय विद्यार्थ्यांनी लावून घ्यावी. माणसाप्रमाणे बॅटरीचेही वय ठाऊक असलेले बरे.

फुगलेली बॅटरी आणि आगीचा प्रसंग

आतल्या रासायनिक बिघाडाने वायू साठला की पिशवी फुगते. फुगलेली बॅटरी म्हणजे दिलेली सूचना समजावी. ती पुन्हा भारू नये, दाबून सपाट करू नये, टाचणीने वायू काढून टाकण्याचे साहस तर मुळीच करू नये. हलक्या हाताने ती घराबाहेर मोकळ्या जागेत, वाळूवर किंवा विटांवर, जळण्याजोग्या वस्तूंपासून दूर ठेवावी. ड्रोन जोरात आपटले असेल तर बॅटरी वरून धड दिसली तरी तिच्यावर काही वेळ अशीच दुरून नजर ठेवावी. आतील दुखापत कधी कधी उशिरा प्रकट होते.

प्रत्यक्ष आग लागल्यास विद्यार्थ्यांनी पहिले काम करावयाचे ते दूर जाण्याचे. धुरात शिरू नये, घरातील सर्वांना बाहेर काढावे, दार ओढून घ्यावे आणि अग्निशामक दलास १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. लिथियमवर पाणी टाकले की तो पेटतो, असे पाठ्यपुस्तकात वाचलेले असल्यामुळे अनेकांच्या मनात गोंधळ होतो. ते वर्णन शुद्ध धातूचे आहे. या बॅटरीत लिथियम बहुतांशी आयनांच्या व संयुगांच्या रूपात असतो; म्हणून भरपूर पाणी हे घट थंड करण्याचे उत्तम साधन ठरते. मोठ्या माणसांना मेन स्विच बंद करून, सुरक्षित अंतरावरून पाणी मारता येत असेल तर त्यांनी ते मारावे. वाळूने ज्वाला अडते, पण घट थंड होत नाही. विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेट घेऊ शकते, हेही विसरू नये. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ अशी गत व्हावयाची नसेल, तर पाणी, वाळू आणि मेन स्विच कोठे आहे याचा विचार बॅटरी भारावयास लावण्यापूर्वीच करून ठेवावा.

अखेरची व्यवस्था

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. निकामी बॅटरी घरातील कचऱ्याच्या डब्यात टाकली की आपल्यापुरता विषय मिटतो. पण बॅटरीपुरता तो मिटत नाही. ती कचरागाडीत जाते. तेथे कचरा दाबला जातो. पिशवी फाटते, टोके कशाला तरी भिडतात, आणि कागद-प्लास्टिकच्या ढिगात ठिणगी पडते. ती वाचली तर कचरा निवडणाऱ्या बाईच्या हाती लागते. किंवा भंगाराच्या दुकानात, आतले तांबे मिळावे म्हणून, एखादा पोरसवदा मुलगा तिच्यावर हातोडा घालतो. ड्रोन उडविण्याचा आनंद ज्यांनी कधी घेतला नाही, बॅटरीवरच्या सूचना ज्यांना कोणी वाचून दाखविल्या नाहीत, त्यांच्या हातात आपण न सांगता निखारा ठेवलेला असतो. जाणत्याने टाळलेला धोका अशा रीतीने अजाणाच्या वाट्याला जातो.

आपल्या देशात याविषयी कायदा झालेला आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र शासनाने बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम जारी केले. २००१ सालचे जुने नियम जाऊन हे आले व सर्व प्रकारच्या बॅटऱ्या त्यांच्या कक्षेत आल्या. वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांवर प्रक्रिया करविण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकण्यात आली. त्या जमिनीत पुरणे वा जाळणे निषिद्ध ठरले. ग्राहकावरही कर्तव्य सोपविले आहे : निकामी बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता वेगळी ठेवावी आणि ती गोळा करणाऱ्या किंवा तिचे पुनर्चक्रण करणाऱ्या संस्थेकडे सोपवावी. बॅटरीवर फुली मारलेल्या कचरापेटीचे जे चित्र असते, त्याचा अर्थ हाच.

व्यवहारात काय करावे? दोन्ही टोकांवर, एकेक करून, चिकटपट्टी गुंडाळावी. बॅटरी फुगलेली वा फाटलेली नसेल तर देण्यापूर्वी जाणत्या माणसाने चार्जरच्या साहाय्याने ती उतरवून घ्यावी. मग जेथून घेतली त्या विक्रेत्याकडे किंवा उत्पादकाच्या संकलन केंद्राकडे ती द्यावी आणि ‘ही लिथियमची बॅटरी आहे, खराब झाली आहे’ असे तोंडाने सांगावे. फुगलेल्या बॅटरीबाबत आधी विचारून मगच ती न्यावी, एस.टी.त वा रिक्षात पिशवीत टाकून नेऊ नये. मिठाच्या पाण्यात बुडवून ती ‘मारण्याचा’ उपाय पुष्कळ ठिकाणी सांगितला जातो. त्यावर विसंबू नये. खाऱ्या पाण्यात बाहेरची टोके गंजून तुटतात आणि ऊर्जा आतच अडकून राहते. शिवाय हायड्रोजन व क्लोरीन वायू निघतात.

योग्य ठिकाणी पोहोचलेली बॅटरी वाया जात नाही. कारखान्यात ती सुरक्षित रीतीने चिरडून तांबे व अॅल्युमिनियम वेगळे काढतात. उरलेल्या काळ्या भुकटीतून कोबाल्ट, निकेल आणि लिथियम परत मिळवितात. जगातील कोबाल्टचा मोठा भाग आफ्रिकेतील काँगोच्या खाणींतून येतो, आणि तेथे तो काढणाऱ्यांच्या वाट्याला आलेले कष्ट सर्वश्रुत आहेत. परत मिळालेल्या प्रत्येक ग्रॅमाने तो भार तेवढा हलका होतो.

आपल्या घरांतील मागच्या पिढ्यांनी पंपाचा स्टोव्ह वापरला. जळत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतू नये, पदर आवरून बसावे, झोपण्यापूर्वी तो विझल्याची खात्री करावी, हे शिक्षण त्यांना वडीलधाऱ्यांच्या धाकाने मिळाले. लिथियमची बॅटरी हा आपल्या घरात आलेला नवा अग्नी आहे. या वेळी मात्र वडीलधाऱ्यांना त्याची ओळख नाही; ती मुलांना अधिक आहे. म्हणून आता धाक घालण्याचे नव्हे, तरी समजावून सांगण्याचे काम मुलांकडे आले आहे. विद्यार्थिमित्रांनो, हा लेख वाचून झाल्यावर घरातील जुन्या बॅटऱ्या कोठे पडल्या आहेत ते आई-वडिलांसह एकदा पाहा. ड्रोनची नसेल, तर जुन्या मोबाइलची एखादी फुगलेली बॅटरी खणात निघण्याचा संभव आहे. तिला आज योग्य वाटेला लावाल, तर ज्याचे नावही तुम्हांस ठाऊक नाही अशा कोणा माणसाचा हात भाजण्यावाचून राहील.